अंधुक दिवा, खडबडीत काच: नाशिकच्या एका गाडीच्या हेडलाइटचं प्रकरण

गाडी पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक, २०११ सालची, मालक माझे दाजी. त्यांची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आणि मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड नाशिकमध्ये. त्यामुळे ही गाडी बरीचशी रात्री आणि पहाटेच धावते. शेतीपंपाची लाइट रात्रपाळीत आली की मोटार चालू करायला जावंच लागतं, आणि काढणीच्या दिवसांत मजुरांच्या आधी बागेत पोचावं लागतं. दाजींची तक्रार एका वाक्याची होती: "डिपरवर काहीच दिसत नाही, खड्डा चाकाखाली आल्यावरच कळतो." त्या पट्ट्यात रात्री बिबट्या रस्ता ओलांडतो, बिनलाइटीचे ट्रॅक्टर कडेला उभे असतात. दिसण्या-न दिसण्याचा प्रश्न तिथे जिवाशी येतो.

सल्ले त्यांना भरपूर मिळाले होते. एका गॅरेजमध्ये शंभर-नव्वद वॉटचे बल्ब टाका म्हणून सांगितलं. कुणी एलईडी सुचवला. माझ्या भाच्याने मोबाइलवर टूथपेस्टने घासण्याचा व्हिडिओ दाखवला. हेडलाइटच्या काचेचं, म्हणजे समोरच्या पारदर्शक प्लॅस्टिकचं, नेमकं काय झालंय हे मात्र कुणी वाकून पाहिलं नव्हतं. त्यामुळे मी पहिलं सांगितलं ते हे, की दाजी, बल्बला आत्ता हात लावू नका.

काच धुरकट असताना मोठा बल्ब टाकला की प्रकाश वाढतो खरा, पण तो विखुरतो. थोडा रस्त्यावर पडतो, उरलेला समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय या गाडीतला एच-फोर प्रकारचा बल्ब ६०/५५ वॉटचा असतो, म्हणजे अप्परला ६०, डिपरला ५५. होल्डर, वायर आणि मागचा चकाकता रिफ्लेक्टर तेवढीच उष्णता धरून बनवलेला असतो. शंभर वॉटच्या बल्बने होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा भाजतो. रिफ्लेक्टर एकदा काळवंडला की पुढची काच कितीही स्वच्छ करा, त्या दिव्यात राम उरत नाही.

काच काय सांगत होती

गाडी नाशिकमध्येच पाथर्डी फाट्याला आमच्या सोसायटीत आणली आणि सकाळच्या तिरप्या उन्हात दोन्ही दिवे शेजारी शेजारी पाहिले. दोन्ही सारखे खराब नव्हते, आणि इथेच प्रकरण उलगडायला लागलं. डावा दिवा दुधट होता, पण पिवळा नव्हता. उजव्याचा वरचा भाग, जिथे काच बॉनेटकडे वळते तिथे, जुन्या कागदासारखा पिवळा पडला होता. त्याच दिव्याची बंपरलगतची खालची दोन बोटं पट्टी मात्र बऱ्यापैकी स्वच्छ होती.

दाजींना विचारलं, मळ्यात गाडी कशी उभी असते? दक्षिणेकडे तोंड करून. डाव्या हाताला पॅकिंगची शेड, उजवीकडे मोकळं रान. म्हणजे दुपारनंतरचं सगळं ऊन वर्षानुवर्षं उजव्या दिव्याच्या वरच्या अंगाने खाल्लं. आभाळाकडे तोंड असलेला भाग आधी जातो आणि खालचा वाचतो, हे जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीवर दिसतं.

दुसरी खूण निळसर डागांची. बागेत बोर्डो मिश्रणाची फवारणी झाली की त्याचे शिंतोडे गाडीवर येतात. त्यात मोरचूद आणि चुना. वाळलेल्या चुन्याचे कण कोरड्या फडक्याने पुसले की काचेवर गोल गोल ओरखडे उमटतात. डाव्या दिव्याचा दुधटपणा निम्मा तरी या पुसण्याचाच होता. तिसरी खूण टवक्यांची. मुरुमाच्या रस्त्यावर डंपरच्या मागे गाडी चालवली की खडे नेमके याच उंचीवर येऊन आदळतात.

यापैकी काय बरं होण्यासारखं आहे आणि काय नाही, हे ठरवायला महागडं काही लागत नाही. धुतलेल्या काचेवर ओला हात फिरवायचा आणि पाण्याचा पातळ पडदा असतानाच बघायचं. पाणी बारीक ओरखड्यांत भरतं आणि तेवढ्या क्षणापुरती काच गुळगुळीत होते. ओली असताना जे नाहीसं होतं, ते वरवरचं. घासून आणि वर थर देऊन ते कायमचं घालवता येतं. ओली असतानाही जे दिसत राहतं, ते एक तर खोल आहे, नाहीतर प्लॅस्टिकच्या आत आहे.

डावा दिवा ओला केल्यावर जवळजवळ नव्यासारखा दिसला. उजवा बराच सुधारला, पण तीन गोष्टी उरल्या: वरच्या भागाचा पिवळेपणा, काही खोल टवके आणि बॉनेटकडच्या कोपऱ्यात एक बारीक जाळी. त्या जाळीवर नख फिरवलं तर काहीच अडकत नव्हतं. टॉर्च बाजूने तिरपा धरला की मात्र आत चांदीच्या तारांसारखे तडे चमकत. ते तडे पृष्ठभागाच्या खाली, प्लॅस्टिकच्या अंगात होते. ते घासून जात नाहीत. घासत बसलं तर काच पातळ होते आणि तडे तिथेच राहतात.

शेवटी मागचं रबर काढून, बल्ब बाहेर घेऊन आत डोकावलो. रिफ्लेक्टर लखलखीत होता, ओल नव्हती. आत पाणी साठलेलं असतं किंवा रिफ्लेक्टर मेलेला असता, तर मी दाजींना तिथेच नवा दिवा घ्यायला सांगितलं असतं. तडेही कोपऱ्यात होते म्हणून चाललं. ते बल्बच्या समोर, मधल्या भागात असते तर उजव्या दिव्यावर मेहनत घेण्यात अर्थ नव्हता.

थर का महत्त्वाचा

पूर्वीच्या ॲम्बेसेडर आणि पद्मिनीचे दिवे खऱ्या काचेचे होते. ते फुटायचे, पण पिवळे पडत नसत. पुढे दिव्यांना गाडीच्या अंगाबरोबर वळणारे आकार हवे झाले, वजन कमी हवं झालं, आणि काचेची जागा पॉलिकार्बोनेटने घेतली. हे प्लॅस्टिक १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मान श्नेल यांनी आणि जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे तयार केलं. दगड लागला तरी ते सहसा फुटत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोष दोन: पृष्ठभाग मऊ असल्याने ओरखडे लगेच पडतात, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंची जुळणी मोडते. मोडलेल्या जागी हवेतला ऑक्सिजन जोडला जातो आणि पिवळट संयुगं तयार होतात.

म्हणूनच कारखान्यातून निघताना या काचेवर एक कडक, अतिनील किरण अडवणारा पारदर्शक थर दिलेला असतो. तो फार पातळ असतो, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचा. दहा-बारा वर्षांचं ऊन, खडी आणि फडकी सोसून तो आधी ठिकठिकाणी उडतो, मग खालचं उघडं प्लॅस्टिक खराब व्हायला लागतं. आपण दिवा घासतो तेव्हा या थराचा उरलासुरला भागही काढून टाकतो. घासून पॉलिश केलेला दिवा पहिल्या दिवशी नव्यासारखा दिसतो खरा, पण त्या क्षणी त्याच्यावर कसलंच संरक्षण नसतं. नाशिकच्या उन्हाळ्यात तो काही महिन्यांत पुन्हा पिवळा पडतो आणि लोक म्हणतात, घासण्याचा काही उपयोग नाही. घासणं हे निम्मं काम. राहिलेलं निम्मं काम नवा थर चढवण्याचं, आणि माझ्या मते तेच अवघड आणि तेच मोलाचं.

या मेहनतीतून हाती किती लागतं याचा अंदाज असावा. अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संघटनेने २०१८ साली केलेल्या चाचणीत पिवळ्या-धुरकट दिव्यांतून नव्या दिव्याच्या जेमतेम २० टक्के प्रकाश मिळत होता, आणि काच घासून पुन्हा तयार केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांवर आला. कंपनीचा नवा दिवा पूर्ण प्रकाश देतो. मी दाजींसमोर हा हिशोब ठेवला: नवी मूळ जोडी काही हजारांची, घरचं साहित्य त्याच्या तुलनेत किरकोळ. गाडीची नोंदणी पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर पुढच्या पाच वर्षांसाठी नवी करावी लागणार, त्या तपासणीत दिवे बघतातच. दाजी म्हणाले, "गाडी मी विकणार नाहीये. डावा होत असेल तर कर, उजव्याचं तू बघ आणि सांग." मग असं ठरलं, की दोन्ही दिवे घासायचे, पण उजव्याला निरोप देण्याची तयारी ठेवायची.

बाजारात मिळणारे बिननावाचे स्वस्त नवे दिवे मी मोडीत काढले. त्यातल्या कित्येकांची काच नीट थर न दिलेली असते आणि रिफ्लेक्टरचा आकार इतका ढोबळ, की डिपरची वरची रेघ, म्हणजे जिथे उजेड संपतो ती कड, धड पडतच नाही. टूथपेस्ट बाद, कारण ती सौम्य घासण्याची पेस्ट आहे, थर देत नाही. आणि हल्ली तापवलेल्या कपातून वाफ सोडून दिवे चमकवतात, त्याला तर मी ठाम नकार दिला. त्या द्रवात क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेनसारखं द्रावक असतं. वाफेने प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळून वितळल्यासारखा होतो, ओरखडे मिटतात, क्षणात चमक येते. अतिनील संरक्षण मात्र शून्य, प्लॅस्टिकमध्ये ताण राहून पुढे तडे जातात, आणि ती वाफ फुप्फुसांत गेलेली कुणालाही परवडणारी नाही.

टवक्यांचा प्रश्न

घासायला बसण्याआधी टवक्यांचं काय करायचं हे ठरवावं लागतं, कारण बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. उजव्या दिव्यावर नखाला लागतील असे मोजके मोठे टवके होते आणि त्यांच्याभोवती, नखाला न लागणारे, असंख्य बारीक खळगे. डोळ्याला मोठा टवका खुपतो. प्रकाश खातात ते बारीक खळगे. एक मोठा टवका काचेचा मूगभर भाग व्यापतो. बाकीच्या काचेतून प्रकाश सरळ जातो. बारीक खळगे सगळ्या काचेभर पसरलेले असतात आणि प्रत्येक जण प्रकाश थोडा थोडा वाकडा करतो. रात्री दिव्यापुढे जो पांढरट पडदा दिसतो, तो त्यांचा.

हे ध्यानात घेतलं की घासण्याची हद्द आपोआप ठरते. बारीक खळगे जाईपर्यंत घासायचं आणि मोठे टवके राहिले तर राहू द्यायचे. एखाद्या टवक्याच्या मागे लागून त्याच जागी बोटाने घासत राहिलं, तर तिथे उथळ वाटी तयार होते. ती वाटी दिवसा दिसत नाही, पण रात्री भिंगाचं काम करते आणि प्रकाशात एक वेडावाकडा पट्टा उमटवते. काच साधारण दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते, खोल टवक्याच्या तळापर्यंत ती सगळीकडून उतरवणं शहाणपणाचं नाही. दाजींना उजवा दिवा आरशासारखा हवा होता. त्यांना मी टवक्यांवर नख फिरवायला लावलं आणि म्हटलं, हे चार-पाच तसेच राहतील, प्रकाशाला त्यांचा फारसा उपद्रव नाही. ते त्यांना पटलं.

घासकाम

साहित्य नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गाडीच्या रंगांच्या दुकानातून घेतलं: सहाशे, आठशे आणि हजार नंबरचे वॉटर पेपर (पाण्याने घासायचे; नंबर मोठा तितका पेपर बारीक), स्पंजचा ठोकळा, चांगली मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मायक्रोफायबर फडकी, चिकट फडकं आणि टू-के (दोन भाग मिसळून वापरायच्या) क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक थराचा, स्प्रे. दुकानदार साधं क्लिअर लॅकर स्वस्तात देत होता. ते हवेवर वाळतं, त्यात हार्डनर नसतो. उन्हात ते लवकर पिवळं पडून पापुद्रे सुटतात, मग ते पापुद्रे काढण्याचं काम मूळ कामापेक्षा मोठं. टू-के मध्ये हार्डनर वेगळा असतो, तो मिसळल्यावर थर आतून घट्ट जुळतो. डब्यावर हेडलाइटसाठी किंवा पॉलिकार्बोनेटसाठी चालेल असं लिहिलंय ना, हे वाचूनच घ्यावं. गाडीच्या पत्र्यावरच्या काही क्लिअरमधलं द्रावक या प्लॅस्टिकला सोसत नाही.

दिवस डिसेंबरचे होते. निफाडकडे पारा उतरला की नाशिकमध्येही सकाळी बोटं आखडतात, आणि थंडीत क्लिअर नीट वाळत नाही. त्यामुळे घासकाम सकाळी आणि स्प्रे भर दुपारी, अशी वाटणी केली.

दिवे गाडीवरच ठेवले. ते काढायला बंपर सोडवावा लागला असता. गाडी शाम्पूने धुऊन चुन्याचे डाग भरपूर पाण्याने भिजवून काढले, काही खरवडलं नाही. दिव्याभोवती बॉनेटची कड, फेंडर आणि बंपर यांवर टेपचे दोन पदर दिले. पेपर चुकून घसरला तर एका पदराने रंग वाचत नाही.

सहाशेचा पेपर थोडा वेळ पाण्यात भिजवून, स्पंजच्या ठोकळ्याला गुंडाळून आडव्या हाताने सुरुवात केली. एक थेंब शाम्पू टाकलेलं पाणी सतत. ठोकळा महत्त्वाचा, कारण नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या रेघा खोल जातात. उजव्या दिव्यावरून पहिलं पाणी पिवळट, दाटसर उतरलं. तो मेलेला जुना थर. घासत राहिलं की पाणी हळूहळू पांढरं होतं. पांढरं झालं म्हणजे आपण खालच्या प्लॅस्टिकवर आलो.

या टप्प्यावर घाई फार नडते. काच ओली असताना सगळं एकसारखं भासतं. दर थोड्या वेळाने पुसून, पूर्ण कोरडी करून बघावं लागतं. कोरड्या काचेवर जिथे जुना थर शिल्लक असतो तिथे चमकदार बेट दिसतं आणि त्याला स्पष्ट किनार असते. उजव्या दिव्यावर अशी बेटं खालच्या पट्टीत, म्हणजे जिथे काच सर्वांत चांगली दिसत होती तिथेच, सर्वांत जास्त वेळ टिकली. चांगली दिसतेय म्हणून ती सोडून द्यावी असा मोह होतो. पण जुन्या थराच्या किनारीवर नवा थर दिला की ती किनार कायम दिसत राहते आणि पुढे जुना थर सुटला की नव्यालाही घेऊन सुटतो. त्यामुळे बेट शिल्लक ठेवलं नाही. सगळी काच एकसारखी, निस्तेज, पांढरट झाली तेव्हाच सहाशे थांबवला. ताई चहा घेऊन खाली आली होती, ती दिवे बघून म्हणाली, "अरे, हे तर आधीपेक्षा खराब केलंस!" पहिल्यांदा बघणाऱ्याला तसंच वाटतं, आणि पुष्कळ जण घाबरून इथेच काम सोडतात.

पुढे आठशे उभ्या हाताने. दिशा बदलली की आधीच्या आडव्या रेघा गेल्या की नाही हे लगेच कळतं. एकही आडवी रेघ उरली तर पुढच्या नंबरला जायचं नाही. मग हजार पुन्हा आडवा. प्रत्येक नंबरच्या आधी बादलीतलं पाणी बदललं, कारण आधीच्या जाड पेपरचा एक कण राहिला तरी तो लांब ओरखडा मारतो.

हजारवर थांबलो. दोन हजार, तीन हजार, मग रबिंग कंपाउंड आणि बफिंग ही वाट फक्त पॉलिश करून सोडणाऱ्यांची किंवा फडक्याने लावायचं कोटिंग वापरणाऱ्यांची. क्लिअर कोटला पकड हवी असते. काच आरशासारखी केली तर क्लिअर तिला धरत नाही, आणि सहाशेवरच सोडली तर रेघा थरातून दिसतात. आठशे ते हजारच्या रेघा क्लिअर भरून काढतो, अगदी सुरुवातीच्या त्या पाण्याच्या पडद्याने भरल्या तशाच, फक्त कायमच्या.

क्लिअर कोट

ओली टेप काढून नवी कोरडी लावली, बाकीची गाडी वर्तमानपत्रांनी आणि जुन्या चादरीने झाकली. काच अल्कोहोलने दोनदा पुसली. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यांना जवळ येऊ दिलं नाही. पॉलिकार्बोनेटला ते लागले की बघता बघता तडे जातात. पुसल्यानंतर काचेला बोट लावायचं नाही, बोटाच्या तेलाचा ठसा थराखाली राहतो. शेवटी चिकट फडक्याने धुळीचा कण न् कण उचलला आणि जमिनीवर पाणी शिंपडलं, म्हणजे पार्किंगची धूळ उडत नाही.

स्प्रेबद्दल एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. टू-के च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने श्वासनलिकेला ॲलर्जी होऊन दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की नंतर थोड्याशा वासानेही त्रास होतो. कापडी किंवा कागदी मास्क इथे कामाचा नाही; रंगाच्या वाफेसाठीची कार्ट्रिज असलेला मास्क, बंद गॉगल आणि हातमोजे लागतात. जागा मोकळ्या हवेची हवी, आणि पोरं सोरं लांब. भाच्याला स्प्रे बघायचा होता, त्याला पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, खिडक्या लावून आतून बघायला पाठवलं.

डब्याच्या बुडाचा खटका दाबून हार्डनर मोकळा केला आणि डबा सांगितला तितका वेळ हलवला. पहिला हात अगदी पुसट, काच जेमतेम दमट होईल इतकाच. पहिलाच थर भरपूर मारला की त्यातलं द्रावक प्लॅस्टिकमध्ये मुरून तडे पाडतं, आणि ओघळही येतात. पुसट थर काही मिनिटं सुकू दिला, मग दोन भरीव थर, हात एकाच वेगाने, काचेच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवत. दुसऱ्या थराला ती पांढरट काच एकदम आरपार दिसायला लागली. उजव्या दिव्यात बल्बच्या काचेवरची रेघसुद्धा वाचता येत होती. टवके आहेत तिथे आहेत, पण त्यांच्या कडा क्लिअरने गोलावल्या. ते थेंब टाकून भरत बसलो नाही. भरलेला थेंब सुकताना आकसतो आणि त्याची कडा आणखी उठून दिसते.

टेप थर पूर्ण सुकण्याआधी, तिरकी ओढत काढली. सुकल्यावर काढली असती तर थराची कड तिच्याबरोबर उचलली गेली असती. गाडी रात्रभर पार्किंगमध्येच ठेवली. वरून अर्ध्या तासात सुकल्यासारखं वाटलं तरी आतून घट्ट व्हायला आठवडाभर लागतो, तोवर धुणं आणि फवारणीच्या दिवशी बागेत गाडी नेणं बंद.

भिंतीवरची तपासणी

काम सुरू करण्याआधी मी गाडी सोसायटीच्या मागच्या सपाट जागेत, कंपाउंडच्या भिंतीपासून पाच मीटरवर उभी केली होती. इंजिन चालू ठेवून डिपरचे फोटो मोबाइलवर घेतले, एक्स्पोजर हाताने ठरवून. मोबाइल आपोआप उजेड सावरून घेत असेल तर आधीचे आणि नंतरचे फोटो सारखेच दिसतात, ताडून बघायला काही हाती लागत नाही. थर चढल्यावर त्याच जागी, त्याच बल्बवर, तेच फोटो पुन्हा घेतले.

आधीच्या फोटोत भिंतीवर दोन गढूळ गोळे होते, कडा नसलेले. नंतरच्या फोटोत डिपरची वरची रेघ स्पष्ट उमटली, डावीकडे वर चढणाऱ्या टोकासकट. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून डाव्या कडेची माणसं आणि झाडं दिसावीत यासाठी ती रेघ डावीकडे चढती ठेवलेली असते. ही रेघ दिसली म्हणजे काच पुन्हा आपलं काम करायला लागली, अशी माझी खूण आहे. चमक त्यानंतरची.

पण रेघ दिसल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली. उजव्या दिव्याची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षाही वर होती. कधीतरी, प्रकाश पुरत नाही म्हणून, कुणीतरी मागचा स्क्रू फिरवून दिवा वर केला होता. काच धुरकट होती तोवर ते लपलं. आता तोच दिवा समोरच्याला आंधळं करणार होता. चाकांतली हवा तपासून, दाजींना चालकाच्या सीटवर बसवून, दोन्ही रेघा पाच मीटरवर दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर खाली आणल्या. म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटर उतार. काच घासल्यावर हे केलं नाही तर अर्धा फायदा समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

त्या रात्री दिंडोरी रस्त्याने गेल्यावर दाजींचा फोन आला. कडेचा पांढरा पट्टा दिसतोय, म्हणाले, आणि समोरचे आता अप्पर-डिप्पर मारत नाहीत.

उजव्याचं भवितव्य

डावा दिवा झाला. त्याच्याबद्दल काळजी नाही. उजवा वापरण्याजोगा आहे, पण कोपऱ्यातली जाळी तिथेच आहे आणि ती वाढणार. मी दाजींना त्या जाळीच्या खालच्या टोकाशी, काचेच्या बाहेर फेंडरवर, पेनाने एक बारीक खूण करून दिली आहे. जाळी त्या खुणेच्या पातळीखाली उतरली किंवा आत ओल दिसली की उजवा दिवा बदलायचा, तोही मूळ बनावटीचा, आणि बदलल्यावर रेघ पुन्हा भिंतीवर जुळवायची.

मळ्यात गाडी आता शेडच्या पलीकडे, उत्तरेला तोंड करून उभी राहते. म्हणजे दुपारचं ऊन दिव्यांच्या पाठीवर येतं. आणि दाजींकडे शेडनेटचे तुकडे होतेच, त्यातला एक बॉनेटला वरून अडकवून दिव्यांसमोर टांगता ठेवला आहे. टांगताच, टेकवलेला नाही. वाऱ्याने शेडनेट काचेवर घासलं तर त्याच्यातली धूळ पुन्हा ओरखडे पाडेल. बोर्डोचे शिंतोडे आले तर आधी पाणी ओतायचं, मग ओलं फडकं.

नव्या थरावर नजर ठेवायची जागा एकच: बॉनेटलगतची वरची कड. थर सुटायला लागला तर पहिल्यांदा तिथे केसाएवढी पांढरी रेघ उठेल. ती दिसली की नखाने उकरायची नाही. तेवढी कड आणि तिच्या आसपासचा भाग आठशेने निस्तेज करून, अल्कोहोलने पुसून, पुन्हा क्लिअर द्यायचा. त्यासाठी या वेळचा उरलेला स्प्रे जपून ठेवण्यात अर्थ नाही. हार्डनर मिसळलेला डबा एक-दोन दिवसांत आतल्या आत घट्ट होतो, दर वेळी नवाच घ्यावा लागतो.